रिपोर्ट नॉर्मल, दुखणं मात्र चालूच

वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा दिसते: दुखतंय, पण कशामुळे ते कुणीच सांगत नाही. त्यांतली आठ पत्रे इथे घेतली आहेत. नावे वगळली असून मजकूर थोडा कमी केला आहे. उत्तरे संधिवात, वेदनाचिकित्सा आणि फिजिओथेरपी या क्षेत्रांतल्या आमच्या सल्लागारांनी मिळून लिहिली आहेत. पत्र वाचून निदान करता येत नाही. पुढच्या भेटीला काय घेऊन जायचे, काय विचारायचे आणि कुठे वेळ दवडायचा नाही, एवढे मात्र सांगता येते.

माझं वय ३९. तीन वर्षांपासून मान, खांदे, पाठ, मांड्या, पोटऱ्या, कुठे ना कुठे दुखतच असतं. सकाळी उठते तीच आंबलेल्या अंगानं. हाडांचे डॉक्टर झाले, फिजिशियन झाले, न्यूरॉलॉजिस्ट झाले. दोन एमआरआय आणि रक्ताच्या कितीतरी तपासण्या, सगळं नॉर्मल. शेवटच्या डॉक्टरांनी ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून घरी पाठवलं. आता घरातलेही तेच म्हणतात. अजून कुठली तपासणी राहिली आहे?
– एक वाचक, इचलकरंजी

स्कॅनसारखी बहुधा एकही नाही. राहिली असेल तर प्रश्न विचारून आणि हाताने करायची तपासणी राहिली आहे, आणि तुमच्या बाबतीत तीच सर्वांत महत्त्वाची.

एमआरआय हाडे, गाद्या, मज्जारज्जू, स्नायू यांची रचना दाखवतो. सीबीसी, ईएसआर, सीआरपी या रक्ततपासण्यांवरून रक्तक्षय, जंतुसंसर्ग, अंगातली सूज यांचा माग लागतो. दुखणे मोजणारी तपासणी कुठल्याच लॅबमध्ये होत नाही. त्यामुळे ‘सगळं नॉर्मल’ याचा अर्थ एवढाच, की ज्या आजारांसाठी तपासण्या केल्या ते आजार बहुधा नाहीत. ही माहिती उपयोगाची आहे. तिच्यावरून ‘हिला काही झालेलंच नाही’ असे ठरवणे साफ चूक आहे. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपांत स्पष्ट लिहिले, की माणूस दुखतंय म्हणतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. त्याआधी २०१७ मध्ये याच संघटनेने वेदनेचा तिसरा प्रकार मान्य केला होता. इजेमुळे किंवा सुजेमुळे दुखणे हा पहिला प्रकार, नसेलाच इजा झाल्याने दुखणे हा दुसरा. तिसऱ्यात मेंदू आणि मज्जारज्जूमधली वेदनेचे संदेश हाताळणारी यंत्रणाच अतिसंवेदनशील झालेली असते. याला नॉसिप्लास्टिक वेदना म्हणतात. अशा दुखण्यात एमआरआय नॉर्मल येणे हेच अपेक्षित असते.

तुमचे वर्णन याच तिसऱ्या प्रकारातल्या फायब्रोमायल्जियाशी, म्हणजे अंगभर दुखणे आणि थकवा आणणाऱ्या आजाराशी, जुळते. त्याचे निकष डॉक्टरांसोबत पडताळून पाहा. २०१६ च्या सुधारित निकषांत शरीराच्या १९ जागा दिल्या आहेत: दोन्ही जबडे, खांदे, दंड, कोपराखालचे हात, नितंब, मांड्या, पोटऱ्या, शिवाय मान, छाती, पोट, पाठीचा वरचा भाग आणि कंबर. गेल्या सात दिवसांत यांतल्या किती जागा दुखल्या तो पहिला आकडा. दुसरा आकडा थकवा, झोपून उठल्यावरही ताजेतवाने न वाटणे आणि लक्ष किंवा स्मरण यांत गडबड यांचा. प्रत्येकाला त्रासाप्रमाणे ० ते ३ गुण द्यायचे. त्यात गेल्या सहा महिन्यांत डोकेदुखी, ओटीपोटात कळा, उदासी यांपैकी जे झाले असेल त्याचा एकेक गुण मिळवायचा. पहिला आकडा ७ किंवा जास्त आणि दुसरा ५ किंवा जास्त. नाहीतर पहिला ४ ते ६ आणि दुसरा ९ किंवा जास्त. दुखणे शरीराच्या पाचपैकी (वरचा डावा, वरचा उजवा, खालचा डावा, खालचा उजवा आणि मधला) किमान चार भागांत. आणि हे सगळे किमान तीन महिने, असे असेल तर निदान करता येते. पूर्वी १८ ठरावीक बिंदू दाबून त्यांतले ११ दुखतात का ते पाहत. आज त्याची सक्ती नाही. सोबत दुसरा आजार असला तरी हे निदान बाद होत नाही, हेही अनेकदा विसरले जाते.

पण त्याआधी एक काम करा. जुने रिपोर्ट काढून त्यांत टीएसएच (थायरॉइडसाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), साखर किंवा एचबीएवनसी, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, ड जीवनसत्त्व आणि बी-१२ हे सगळे आहे का पाहा. आपल्याकडे या ठिकाणी नेहमी फसते ते ऑस्टिओमलेशिया, म्हणजे ड जीवनसत्त्वाअभावी मऊ पडलेली हाडे. यात खालून उठताना जमिनीला हात टेकावा लागतो, जिना चढताना मांड्यांत जोर राहत नाही, नडगीचे हाड अंगठ्याने दाबले तर कळ येते आणि अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेले असते. फायब्रोमायल्जियात हे वाढत नाही. स्नायूंत खरोखरची अशक्तता असेल तर सीके ही स्नायूंना इजा झाली आहे का ते दाखवणारी रक्ततपासणीही हवी, विशेषतः कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनची गोळी चालू असेल तर. केसांसाठीच्या गोळ्यांतले बायोटिन थायरॉइडचा रिपोर्ट बिघडवू शकते. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस ती थांबवा आणि लॅबला तसे सांगा.

ड जीवनसत्त्व कमी निघाले तर ६०,००० युनिटची पुडी साधारणपणे आठवड्यातून एकदा, आठ आठवडे देतात आणि मग प्रमाण कमी करतात. ती रोज घेणारे किंवा वर्षभर विचारल्याशिवाय चालू ठेवणारे रुग्ण दिसतात. त्याने रक्तातले कॅल्शियम वाढते आणि मूत्रपिंड बिघडते.

निदान फायब्रोमायल्जियाचे ठरले तर उपचारांत सर्वांत भक्कम पुरावा व्यायामाचा आहे. इथे बहुतेकांचे चुकते ते सुरुवातीला. बरे वाटले त्या दिवशी तासभर चालायचे आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात काढायचे, असे केले की शरीर व्यायामालाच घाबरते. वाईट दिवशीसुद्धा जमेल एवढ्यापासून सुरू करा. ते पाच मिनिटे असेल तर पाचच. आठवडाभर तेवढेच ठेवा, मग एक-दोन मिनिटे वाढवा. दुखणे थोडे वाढून दुसऱ्या दिवशी पूर्ववत होत असेल तर चालू ठेवा. दोन दिवसांनंतरही खाली येत नसेल तर आधीच्या पायरीवर या. फरक जाणवायला सहा ते बारा आठवडे लागतात, हे आधीच माहीत असले तर माणूस तिसऱ्या आठवड्यात सोडून देत नाही.

औषधांत रात्री झोपण्याआधी तासभर अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम किंवा जेवणानंतर ड्युलोक्सेटिन २० ते ३० मिलिग्रॅम अशी सुरुवात करतात. दुकानातून आणल्यावर कुणीतरी ‘ही तर डिप्रेशनची गोळी’ म्हणते आणि ती कपाटात पडते. ही औषधे मेंदूकडून मज्जारज्जूत खाली येणाऱ्या, वेदना दाबणाऱ्या मार्गांवर काम करतात. उदासी नसलेल्या रुग्णांतही त्यांचा उपयोग होतो. पहिले आठ-दहा दिवस मळमळ, तोंडाला कोरड किंवा सकाळी सुस्ती येऊ शकते. काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर आधी सांगा, ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक चालू असेल तर तेही सांगा, आणि मनाने एकदम बंद करू नका. नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्या अशा दुखण्यात फार कमी चालतात. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ मध्ये तर अशा प्राथमिक दीर्घ वेदनेसाठी पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन गट आणि अफूगटातली औषधे सुरूच करू नयेत असे सांगितले.

घरातल्यांसाठी दोन शब्द. ताणाने दुखणे वाढते हे खरे आहे. मधुमेहात साखरही ताणाने वाढते, म्हणून मधुमेह खोटा आहे असे आपण म्हणत नाही. तीन वर्षे दुखत असताना घर सांभाळणाऱ्या बाईला ‘मनाचं आहे’ म्हणणे हा अन्याय आहे.

वय ३१, पुण्यात आयटीत नोकरी. चार वर्षांपासून कंबर दुखते. एमआरआयमध्ये एल४-एल५ ची गादी फुगली आहे. एक डॉक्टर पट्टा आणि विश्रांती सांगतात, दुसरे ऑपरेशनचा विचार करा म्हणतात. गंमत म्हणजे सुट्टीच्या दिवशी लोळत पडलो की जास्त दुखतं, जिममध्ये गेलो की बरं वाटतं. पहाटे चार-साडेचारला दुखण्यानं जाग येते.
– एक वाचक, पिंपरी

तुम्ही ज्याला गंमत म्हणता तोच तुमच्या पत्रातला सर्वांत मोलाचा धागा आहे. गादीचे दुखणे सहसा विश्रांतीने उतरते आणि वाकून वजन उचलले की वाढते. तुमचे नेमके उलट आहे. चाळिशीच्या आत, हळूहळू सुरू झालेले, हालचालीने कमी होणारे, विश्रांतीने कमी न होणारे आणि रात्री उठवणारे पण उठून फिरल्यावर बरे वाटणारे, या पाचपैकी चार गोष्टी जुळल्या की ती सुजेची कंबरदुखी धरतात. मग अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस (मणक्यांच्या सांध्यांना सूज आणणारा संधिवात) आणि त्याच्या गटातल्या आजारांचा शोध घ्यावा लागतो. तुमच्या पाचातल्या किमान चार जुळतात असे दिसते.

गादी फुगलेली असणे हा मोठा पुरावा नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात कंबर न दुखणाऱ्या ३,११० जणांचे स्कॅन एकत्र पाहिले होते. तिशीतल्या सुमारे ४० टक्के आणि पन्नाशीतल्या सुमारे ६० टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या होत्या. त्यांना काहीही त्रास नव्हता. पायात उतरणारी सणक, बधिरता किंवा पायाची ताकद कमी होणे यांतले काही नसताना केवळ त्या ओळीवरून ऑपरेशन ठरवू नका.

संधिवाततज्ज्ञांकडे जा. तुमचा एमआरआय कमरेच्या मणक्यांचा झाला आहे. हा आजार बहुधा त्याच्या खाली, त्रिकास्थी (माकडहाडाच्या वरचे हाड) आणि कटीचे हाड जिथे जुळते त्या सॅक्रोइलिअ‍ॅक सांध्यांत सुरू होतो, आणि नेहमीच्या कंबरेच्या स्कॅनमध्ये ते सांधे नीट येत नाहीत. म्हणून चिठ्ठीवर ‘सॅक्रोइलिअ‍ॅक सांध्यांचा एमआरआय, स्टर सीक्वेन्ससह’ असे स्पष्ट लिहिलेले हवे. स्टर सीक्वेन्समध्ये हाडातली सूज दिसते. बहुतेक वेळा त्यासाठी इंजेक्शनचा रंग लागत नाही. साधा एक्स-रे आधी काढतात, पण तो सुरुवातीची काही वर्षे स्वच्छ असू शकतो. एचएलए-बी२७ ही या आजाराशी जोडलेल्या जनुकाची रक्ततपासणी. ते पॉझिटिव्ह आले म्हणजे आजार झालाच असे नाही, निगेटिव्ह आले म्हणजे नाहीच असेही नाही. सीआरपीचेही तेच.

भेटीत तीन गोष्टी आपणहून सांगा: कधी एक डोळा लाल होऊन दुखला आणि उजेड सहन झाला नाही का, घरात किंवा तुम्हाला सोरायसिस आहे का, पोट वारंवार बिघडून रक्त पडते का. पाठीच्या तक्रारीत हे कुणी विचारत नाही आणि रुग्ण सांगत नाही. या आजारात निदानाला जगभर सरासरी सहा-सात वर्षे लागतात, त्याचे हे एक मोठे कारण आहे. तोवर पट्टा काढून ठेवा आणि जिम सोडू नका.

मुलगी १७ वर्षांची, बारावीत. पाळीच्या पहिल्या दोन दिवशी गडबडा लोळते, उलट्या होतात, कॉलेज बुडतं. आता पाळी नसतानाही ओटीपोट दुखतं. सोनोग्राफी नॉर्मल. डॉक्टर आणि माझ्या सासूबाई दोघींचं एकच, लग्न झालं की बरं होईल.
– एक आई, लातूर

लग्न हा उपचार नाही. मुलीला महिन्यातून दोन दिवस अंथरुणाला खिळवणारे दुखणे नेहमीचे समजून सोडायचे नसते.

इथे एंडोमेट्रिओसिसचा विचार व्हायला हवा. गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशीजाले बाहेर, अंडाशयावर किंवा ओटीपोटाच्या पडद्यावर वाढतात. प्रजननक्षम वयातल्या साधारण दहातल्या एकीला हा आजार असतो. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत अंडाशयातली गाठ दिसते, पडद्यावरचे पातळ ठिपके दिसत नाहीत. म्हणून नॉर्मल सोनोग्राफीने हा आजार नाकारता येत नाही. पूर्वी दुर्बिणीने पोटात पाहिल्याशिवाय निदान पक्के धरत नसत. युरोपीय तज्ज्ञ संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेनुसार लक्षणांवरून औषधोपचार सुरू करता येतो, दुर्बीण प्रत्येकीला लागत नाही. या वयात आणखी एक शक्यता पाहून घ्यावी लागते: जन्मजात रचनेतल्या दोषामुळे पाळीचे रक्त एका बाजूला अडणे. त्यासाठी गरज पडल्यास एमआरआय करतात.

दोन-तीन पाळ्यांची नोंद ठेवा. तारीख, रक्तस्राव, दुखण्याचा आकडा ० ते १०, आणि शौचाला किंवा लघवीला त्या दिवसांत दुखते का. हा शेवटचा मुद्दा मुली लाजून सांगत नाहीत, म्हणून कागदावर लिहून द्या. मेफेनॅमिक अ‍ॅसिडसारखी गोळी कळा सुरू झाल्यावर उशिरा घेतली की उलटून पडते. डॉक्टरांनी दिली असेल तर पाळी येण्याची चाहूल लागताच, खाऊन, सांगितलेल्या वेळांना दोन-तीन दिवस घ्यायची. तेवढ्याने भागले नाही तर हार्मोनच्या गोळ्या देतात. त्यांनी पुढे मूल होत नाही ही भीती निराधार आहे. डोकेदुखीआधी डोळ्यांपुढे चमचमणाऱ्या रेघा येत असतील तर ते डॉक्टरांना जरूर सांगा, कारण मग काही गोळ्या टाळाव्या लागतात.

मिसेसच्या दुखण्याची फाईल आता पिशवीत मावत नाही. प्रत्येक नवे डॉक्टर वरची दोन पाने चाळतात आणि नव्याने तपासण्या लिहून देतात. पाच मिनिटांत सांगायचं तरी काय?
– एक वाचक, नाशिक

फाईल दाखवू नका, एक पान द्या. फाईल सोबत असू द्या.

एक ए-फोर कागद, एकाच बाजूला लिहिलेला. सर्वांत वर वय, मुख्य त्रास आणि केव्हापासून: ‘उजवा खांदा व मान, जून २०२२ पासून, रोज.’ त्याखाली घडले त्या क्रमाने चार-सहा ओळी. मग तपासण्या: तारीख, नाव, निष्कर्ष, एकेका ओळीत. मग औषधे, आणि इथेच बहुतेकांची माहिती तोकडी पडते. नुसते नाव पुरत नाही. किती मिलिग्रॅम, किती आठवडे, काय फरक पडला, का बंद केले, हे हवे. ‘प्रेगाबालिन घेतलं, उपयोग नाही’ आणि ‘प्रेगाबालिन ७५, चार दिवस घेतलं, चक्कर आली म्हणून सोडलं’ यांत फार अंतर आहे. पहिले वाचून डॉक्टर ते औषध कायमचे बाद करतील, दुसरे वाचून कमी मात्रेत पुन्हा देतील. शेवटी दुखण्यामुळे बंद पडलेल्या दोन-तीन कामांची ओळ आणि या भेटीतला एकच प्रश्न.

कागदाच्या मागच्या बाजूला माणसाची पुढची-मागची आकृती काढून दुखते तिथे पेन्सिलीने छटा द्या. ठणका, जळजळ, सणक, मुंग्या, जे असेल ते शेजारी लिहा. हे शब्द नेमके निवडा. जळजळ आणि मुंग्या नसेकडे बोट दाखवतात, सकाळचा आखडलेपणा सांध्याकडे.

रोजची नोंद भेटीआधी फक्त दोन आठवडे ठेवा. सकाळ, दुपार, रात्र आकडा, झोप, घेतलेल्या गोळ्या. वर्षानुवर्षे ठेवू नका, त्याने दिवसभर लक्ष दुखण्यावरच राहते. गोळ्यांचा हिशेब मात्र डोळे उघडतो. डोकेदुखीसाठी महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस साधी वेदनाशामके किंवा दहा किंवा जास्त दिवस मिश्र गोळ्या तीन महिन्यांहून अधिक काळ पोटात गेल्या, की त्या गोळ्यांनीच डोके दुखू लागू शकते.

नवी तपासणी लिहून दिली तर शांतपणे विचारा: ‘डॉक्टर, यातून कुठली शंका दूर होईल? रिपोर्ट असा आला तर उपचार बदलतील का?’ चांगले डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाहीत. एमआरआयचा कागद पुरेसा नसतो, सीडी किंवा लिंक मागून घ्या म्हणजे पुन्हा स्कॅन करावा लागत नाही. जुनी कागदपत्रे मिळत नसतील तर रुग्णालयाला लेखी अर्ज देऊन पोच घ्या. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत ती द्यायची असतात.

आणि एक डॉक्टर पक्का करा. तो फॅमिली डॉक्टर असला तरी चालेल. बाकीच्या सगळ्यांची मते त्याच्याकडे परत आली पाहिजेत. पाच तज्ज्ञ आपापला अवयव पाहून मोकळे होतात आणि अख्खा माणूस कुणाकडेच राहत नाही. मेडिकल कॉलेजांच्या रुग्णालयांत पेन क्लिनिक असेल तर ते बहुधा भूलशास्त्र विभागाकडे असते. केस पेपर काढताना तसे विचारा.

काही गोष्टींत मात्र हे पान तयार करत बसू नका. कंबरदुखीसोबत लघवी अडणे किंवा नकळत होणे, बैठकीची जागा बधिर होणे, पायाची ताकद झपाट्याने जाणे: त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ताप, घटते वजन, रात्री घाम आणि पाठदुखी असेल तर मणक्याचा क्षयरोग पाहावा लागतो. साठी ओलांडलेल्यांत पाठदुखीसोबत रक्तक्षय आणि खूप वाढलेला ईएसआर असेल तर सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस ही मायलोमा (अस्थिमज्जेचा कर्करोग) शोधणारी रक्ततपासणी विचारा.

आई ६८ वर्षांची. उजव्या गालात वीज चमकल्यासारखी कळ येते. दोन दाढा काढल्या, तरी तसंच. आता डेंटिस्ट तिसरी काढू म्हणतात.
– एक वाचक, रत्नागिरी

थांबा. कळ काही सेकंद टिकते का? दात घासताना, तोंड धुताना, वाऱ्याची झुळूक लागून, घास चावताना उठते का? मधल्या वेळात काहीच नसते का? तिन्हींना ‘हो’ असेल तर हा ट्रायजेमिनल न्यूराल्जिया असण्याची दाट शक्यता आहे. दुखते ती चेहऱ्याची नस. त्याच नसेच्या फांद्या दातांना जातात म्हणून दात दुखल्यासारखे वाटते आणि निर्दोष दाढा निघतात.

न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. नसेवर रक्तवाहिनी टेकली आहे का आणि गाठ वगैरे नाही ना, हे पाहायला मेंदूचा एमआरआय करतात. पहिले औषध कार्बामाझेपिन. या वयात १०० मिलिग्रॅमपासून सुरू करून काही दिवसांच्या अंतराने वाढवतात. त्याने आलेला फरक निदानालाही बळ देतो. रक्तातले सोडियम कमी होऊ शकते, म्हणून गळून गेल्यासारखे किंवा गोंधळल्यासारखे वाटले तर लगेच तपासा. अंगावर पुरळ उठले तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. आशियाई लोकांत काहींना याची गंभीर अ‍ॅलर्जी येते आणि त्यासाठी आधी करायची जनुकीय तपासणी आहे, ती विचारा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर नक्की सांगा. औषधांनी भागले नाही तर शस्त्रक्रियेचे चांगले पर्याय आहेत.

तळपाय रात्री आगीसारखे जळतात, चादर लागलेली सहन होत नाही. एनसीव्ही नॉर्मल. वय ५२, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू.
– एक वाचक, नागपूर

एनसीव्ही ही नसांतून जाणाऱ्या संदेशाचा वेग मोजणारी, जाड तंतूंची तपासणी आहे. जळजळ वाहून नेणारे तंतू बारीक असतात, ते तिच्यात येतच नाहीत. डॉक्टरांना टाचणीची टोच आणि गरम-थंड पायाला कळते का ते तपासायला सांगा. खात्री करायचीच असेल तर घोट्याच्या वर १० सेंटिमीटरवरून ३ मिलिमीटरचा त्वचेचा तुकडा घेऊन तंतू मोजतात, पण ती सोय थोड्याच ठिकाणी आहे आणि प्रत्येकाला गरजही नाही.

तुमच्यात दोन कारणे समोर आहेत: साखर आणि बी-१२. मेटफॉर्मिनने बी-१२ कमी होते, शाकाहारी असाल तर आणखीच. ते तपासायच्या आधी बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या किंवा इंजेक्शने घेऊ नका, आकडा उगाच चांगला येतो. दारू, क्षयरोगाची औषधे, थायरॉइड यांचीही चौकशी व्हावी. अंगावर फिकट, संवेदना नसलेला चट्टा असेल किंवा कोपराजवळची नस जाड लागत असेल तर कुष्ठरोग पाहिलाच पाहिजे. त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

चिकुनगुनिया होऊन सात महिने झाले. बोटे, घोटे अजून दुखतात. आरए फॅक्टर निगेटिव्ह, एएनए १:८० पॉझिटिव्ह. मला ल्युपस झालाय का?
– एक वाचक, कोल्हापूर

या रिपोर्टवरून तसे म्हणता येत नाही. १:८० एवढा एएनए साधारण १३ टक्के निरोगी लोकांतही येतो. ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, म्हणायला सोबत चट्टे, तोंडातले व्रण, लघवीतून प्रथिने जाणे असे काही लागते. चिकुनगुनियानंतर सांधे महिनोन्‌महिने दुखू शकतात. पण सांधा नुसता दुखतो की सुजतो, हे पाहणे महत्त्वाचे. सकाळी मूठ वळायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागत असेल आणि बोटांच्या पेरांवर दाबल्यास मऊ सूज लागत असेल, तर अँटी-सीसीपी ही संधिवाताची रक्ततपासणी करून संधिवाततज्ज्ञांना दाखवा. आरए फॅक्टर निगेटिव्ह असूनही संधिवात असू शकतो.

सगळीकडून निराश होऊन एका गावी मिळणाऱ्या पुड्या सुरू केल्या. तीन दिवसांत दुखणं गेलं! पाच महिने घेतेय. चेहरा सुजल्यासारखा झालाय आणि साखर वाढलीय. बंद करू का?
– एक वाचक, सोलापूर

आज एकदम बंद करू नका, आणि आजच डॉक्टरांकडे जा.

वर्षांचे दुखणे तीन दिवसांत पळवणाऱ्या, घटक न छापलेल्या पुडीत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेले असते, कधी सोबत डायक्लोफेनॅक. गोल झालेला चेहरा, वाढलेली साखर, पातळ होऊन पटकन काळीनिळी पडणारी त्वचा ही त्याची खूण. पाच महिन्यांत तुमच्या मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींनी स्वतःचे स्टेरॉइड बनवणे थांबवलेले असू शकते. पुडी अचानक तोडली तर उलट्या, रक्तदाब कोसळणे, शुद्ध हरपणे असा जिवावरचा प्रसंग येतो. डॉक्टर ओळखीचे स्टेरॉइड मोजून सुरू करतात, काही आठवडे ते महिने ते पायरीपायरीने उतरवतात आणि सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसॉल तपासून पुढचे ठरवतात. या काळात ताप आला, उलट्या झाल्या किंवा ऑपरेशन ठरले तर मात्रा तात्पुरती वाढवावी लागते, म्हणून ‘स्टेरॉइड चालू आहे’ अशी चिठ्ठी पर्समध्ये ठेवा.

उरलेल्या पुड्या फेकू नका. त्यांतल्या दोन-चार पुड्या डॉक्टरांना दाखवायला न्या आणि बाकीच्या अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रारीसोबत द्या. पुड्यांनी आराम पडला म्हणजे तुमच्या दुखण्यामागे सुजेचा आजार असण्याची शक्यता आहे, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. मात्र स्टेरॉइड अंगात असेपर्यंत सीआरपी, ईएसआर खोटे कमी येऊ शकतात, तेव्हा त्या तपासण्या केव्हा करायच्या तेही त्यांनाच ठरवू द्या.